हजेरीचा सूर

सुगंधाबाई मुलांची हजेरी गाऊन घ्यायच्या. आमच्या गावची शाळा तेव्हा देवळाच्या धर्मशाळेत भरायची, आजही तिथेच भरते. दारात एका फुटलेल्या गलबताच्या नांगराचा हातभर तुकडा काथ्याने टांगलेला आहे, तीच घंटा. बाकीचे मास्तर तिच्यावर दगड हाणायचे. बाई बोटाच्या पेराने तिला टिचकी मारायच्या, कान जवळ नेऊन ऐकायच्या आणि मुलांना म्हणायच्या, "हा आपला सा." मग पटावरचं एकेक नाव त्या सुरात घ्यायचं, आणि ज्याचं नाव त्याने त्याच सुरात उत्तर द्यायचं, "हजर बाई."

हे त्यांनी माझ्या मुलीसाठी सुरू केलं होतं.

नमू, म्हणजे नर्मदा, बोलताना अडखळते. सगळ्यात जड तिला 'ह' जातो. तो घशाशी येऊन थांबतो, मान ताठ होते, डोळे मिटतात, आणि शब्द येईपर्यंत समोरचा माणूस दुसरीकडे बघायला लागतो. पहिलीत असताना हेडमास्तर गंगाराम मास्तर रोज तिच्या नावापाशी थांबायचे. "जिभेक गाठ मारून इलंस काय गो?" असं विचारायचे, आणि वर्ग हसायचा. मास्तर दुष्ट नव्हते. चाळीस मुलांना पाच मिनिटं हसवायला त्यांना काहीतरी लागायचं, एवढंच.

त्या वर्षीच्या शिमग्याला, म्हणजे एकोणीसशे एकोणसाठच्या, जे झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या गावात शिमग्याला पुरुष घरोघर फिरून फाग म्हणतात. ज्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, फाग, त्या घरातल्या माणसांची उणी गाण्यात घालायची. कोण कंजूष, कोणाची सून पळाली, कोण बहिरा. चार ओळींचं कडवं, आणि चौथी ओळ संपली की सगळ्यांनी तोंडावर उपडा हात मारून बोंब ठोकायची. मग घरधन्याने हसत हसत नारळ द्यायचा. रागवायचं नसतं. रागावलं तर दुप्पट फाग. चाल गावाची ठरलेली, शेकडो वर्षांची असेल, आणि चौथी ओळ संपते तिथे ती अशी काही उघडी पडते की बोंब मारल्याशिवाय तोंड मिटत नाही.

त्या वर्षी आमच्या खळ्यात त्यांनी नमूचं बोलणं गायलं. बाबली पुढे होता. बाबली म्हणजे रापणीच्या जाळ्याचा म्होरक्या, किनाऱ्यावर पन्नास माणसांना एका हाकेत ओढायला लावणारा आवाज. त्या आवाजात त्याने माझ्या सहा वर्षांच्या मुलीसारखं अडखळून दाखवलं, "का-का-काशीबायची ना-ना-नात," आणि पन्नास माणसांनी बोंब मारली. काशीबाई माझ्या सासूबाई. त्यांनी नारळ दिला. नमू उंबऱ्यावर उभी होती. त्यानंतर जूनपर्यंत ती घरातही बोलली नाही. पाणी हवं असलं तर तांब्याकडे बोट दाखवायची. नमूचे वडील मुंबईला गोदीत नोकरीला, त्यांना मी पत्रात लिहिलं, "नमू बरी आहे."

जूनमध्ये सुगंधाबाई आल्या. कोल्हापूरकडच्या, कागलच्या. वय सव्वीस-सत्तावीस, नवऱ्याने टाकलेल्या. फोंडाघाट उतरून एस.टी.ने आल्या आणि आमच्या समोरच्या राधाबाईंच्या पडवीतली खोली त्यांनी घेतली. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी. वडील कोल्हापुरात बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे, म्हणून कान तयार. आता ते अर्धांगाने पडलेले, भावाच्या घरी, आणि भावजय त्यांचं करायला तयार नव्हती. बाई सातवीची फायनल पास होत्या, पण ट्रेनिंग झालेलं नव्हतं, नेमणूक एका वर्षाची. वर्षाच्या आत दिपोटी साहेबांनी शाळा तपासून 'ट्रेनिंगला पाठवावे' असा शेरा दिला तर नोकरी कायमची. मग वडिलांना इकडे आणता येणार होतं. शेरा नाही मिळाला तर एप्रिलअखेर घरी. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, कारण गावात त्यांच्याशी धड बोलणारी मीच एक. मी सावंतवाडीची, पण कॉलेजची तीन वर्षं कोल्हापुरात मावशीकडे काढलेली. बाकी सगळा गाव त्यांना 'घाटीण' म्हणायचा. समोर 'बाई', पाठ वळली की 'घाटीण'.

नमूचं नाव त्यांच्या दुसरीच्या वर्गात होतं. पहिल्या दिवशी हजेरीला ती गप्प उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बाईंनी घंटेला टिचकी मारली आणि सगळ्यांची नावं गायला लागल्या. मुलांना गंमत वाटली. नमू त्या दिवशीही बोलली नाही, पण ओठ हलले असं बाई म्हणाल्या. शनिवारी दुपारी त्या खळ्यातूनच हाक मारत आल्या, "नमूची आई, आली! 'हजर' म्हणाली! ह सकट!" सासूबाई सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणाली ता बरा झाला. पण हजेरी काय आरती आसा?"

बाईंनी मग हळूहळू सगळंच गाण्यात आणलं. पाढे, महिन्यांची नावं, नद्या. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. पुस्तकातल्या कवितांना त्या ज्या चाली लावायच्या, त्या इथल्या मुलांच्या तोंडी बसत नव्हत्या, आठ-आठ दिवस घोकून मुलं बेसूरच. म्हणून त्या गावातल्या चाली गोळा करायला लागल्या. रापण ओढतानाची हाळी ऐकायला किनाऱ्यावर गेल्या. भात सडणाऱ्या बायकांपाशी जाऊन बसल्या. पोफळीच्या बागेत पाणी शिंपणाऱ्याच्या मागे वही घेऊन फिरल्या. बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या. "रापणीर जाता ती बायलमाणूस? नवऱ्यान सोडल्यान ता उगीच न्हय." बाईंना आमची बोली अर्धीच कळायची. त्या हसणाऱ्यांकडे बघून हसायच्या. हाळीच्या चालीवर सातचा पाढा दोन दिवसांत पाठ झाला.

जानेवारीत कळलं की दिपोटी साहेब फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येणार. स्वागतगीत बाईंनी करायचं, असं गंगाराम मास्तरांनी वेळापत्रकात लिहून दिलं. बाईंनी चार ओळी स्वतःच जुळवल्या,

या हो पाहुणे, बसा पाटावर,
सागर धुतो पाय,
शाळा आमुची लहान, तरी
मोठी आमुची माय.

आता चाल हवी होती. ठसक्याची, मुलांच्या अंगात असलेली. त्या किनाऱ्यावर बाबलीला विचारायला गेल्या. बाबली जाळं शिवत बसला होता. त्याने मान वर न करता शीळ घालून एक चाल ऐकवली, नुसती शीळ, शब्दांशिवाय. म्हणाला, "बाई, ही घेवा. हयसरल्या पोरांका शिकवची लागाची नाय. पोटातसून शिकान येतत." जाळ्यावरचे बाकीचे पुरुष खाली बघून सुई चालवत राहिले. हे मला बाईंनीच हौसेने सांगितलं, त्या कसे सगळे कामात गर्क होते त्यासकट.

घाटावरही होळीला बोंब मारतात, पण हा फाग आमच्या गावचा. बाईंनी आमचा शिमगा पाहिला नव्हता. त्या आल्या जूनमध्ये.

त्या संध्याकाळी नमू शाळेतून आली आणि ओसरीवर बसून गायला लागली. एकदाही अडखळली नाही. 'हो' आला, 'पाहुणे' मधला 'हु' आला, 'लहान' मधला 'हा' आला. मी भाकरी थापत होते. पहिली ओळ ऐकली आणि हात थांबला. सासूबाई माजघरातून बाहेर आल्या.

"अगो, ही शिमग्याची चाल! खंयसून उचलल्यान ह्या बायेन?"

नमूने चौथी ओळ संपवली, आणि तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला. मग तिने तो खाली घेतला आणि दोन्ही हात जोडले. म्हणाली, "बा-बाई म्हणतात, शेवटी न-नमस्कार करायचा."

बाईंना वाटलं होतं की मुलं लाजून तोंडावर हात नेतात. म्हणून त्यांनी हात जोडायला शिकवलं होतं.

तीन आठवडे तालीम चालली. रोज तिसऱ्या प्रहरी देवळाच्या बाजूने ती चाल यायची आणि गाव ऐकायचं. नारळ सोलणारा हात थांबवून ऐकायचा, होडी ओढणारे ऐकायचे, बायका विहिरीवर एकमेकींना ढोपर मारायच्या. लहान मुलं घरी येऊन सांगायची आणि घरची माणसं त्यांना बजावायची, "बाईंका सांगू नको हां." गावातलं एकही माणूस, पाच वर्षांच्या पोरापासून सत्तर वर्षांच्या म्हातारीपर्यंत, बोललं नाही. भांडणातही एक न होणारा गाव त्या तीन आठवड्यांत एक होता. गंगाराम मास्तर तालमीच्या वेळी पोस्टात जाऊन बसायचे. "माका गाण्यातला काय कळणा नाय," म्हणायचे. त्यांची पुतणी सुशीला त्याच वर्षी फायनल पास होऊन घरी बसली होती.

मी सांगणार होते. दुसऱ्याच दिवशी पदर खोचून राधाबाईंच्या पडवीकडे निघाले, तर सासूबाईंनी दारातच अडवलं.

"तू मधी पडू नको. ती एप्रिलात जातली. तुका हयच ऱ्हवचा आसा."

"तिची नोकरी जाईल, आई."

"आणि तुझ्या चेडवाचा काय जायत? गेल्या वर्षीचा इसरलंस?"

मी तरी दोन दिवसांनी पुन्हा निघाले. ह्या वेळी वाटेत बाबली भेटला. खांद्यावर वल्हं होतं. तो नेहमी मला मान देऊनच बोलतो.

"वयनी, खंय चलल्यात?"

"राधाबाईंकडे."

"बाई शाळेत आसत. तालीम चलली हा." तो पुढे आला. "तुमी शिकलेली माणसां. गावची गंमत गावात ऱ्हवांदे. नायतर औंदा फाग तुमच्या खळ्यात जास्त येळ चलतलो. नमू आता बरा बोलता म्हणतत. आमका पण ऐकांक गावांदे."

मी परत फिरले. बाबलीने हसून वल्हं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी बाई आमच्याकडे आल्या. नमूचा परकर इस्त्रीचा आहे ना, वेणीला कोणती फीत, हे विचारायला. चहा घेताना म्हणाल्या, "पहिली ओळ नमू एकटी म्हणणार. मी ठरवलंय. साहेबांना सांगणार आहे की ही मुलगी जूनमध्ये स्वतःचं नाव सांगू शकत नव्हती. शेरा त्यावरच मिळेल, बघा तुम्ही. बाबांना मी पत्र टाकूनसुद्धा ठेवलंय, मेमध्ये न्यायला येते म्हणून."

सासूबाई आतून खोकल्या. मी कपात बघत होते. तेवढ्या वेळात एक वाक्य बोलता आलं असतं. 'बाई, ती चाल फागाची आहे.' सहा शब्दसुद्धा होत नाहीत.

मी म्हणाले, "नमूला कालपासून कणकण वाटतेय."

बाईंनी नमूच्या कपाळाला हात लावला. "नाही हो, थंडगार आहे."

"येतो-जातो ताप," मी म्हणाले.

"आज लवकर निजू द्या. सकाळी आल्याचा काढा द्या थोडा," त्या म्हणाल्या, आणि दारात वळून नमूला, "तू आलीस नाही तर माझी पहिली ओळ कोण म्हणणार गं?"

सकाळी मी नमूला पाठवलं नाही. तिने खूप आकांत केला. बोलता येत नव्हतं म्हणून जमिनीवर पाय आपटले. मी दाराला कडी लावली.

दिपोटी साहेब खाडी ओलांडून होडीने आले. सोला टोपी, मागे चपराशी. देवळाच्या कठड्यावर पुरुषमाणसं दाटीवाटीने बसली होती. रापण त्या दिवशी काढलीच नव्हती. साहेबांना वाटलं असेल, काय शाळेची हौस आहे ह्या गावाला. आत काय घडलं ते मला पुढे दोघींनी सांगितलं. एक राधाबाई, त्या कठड्याजवळच होत्या. दुसरी सलमा, काथ्याचे व्यापारी नुरुद्दीन यांची मुलगी, ती नमूच्या शेजारी बसायची. नमूऐवजी पहिली ओळ तिने म्हटली.

मी परसात माठाच्या भाजीला पाणी घालत होते. देवळाकडून घंटेची टिचकी ऐकू आली, इतकी हलकी की वारा पडलेला होता म्हणूनच आली. आणि घरातून, कडी लावलेल्या दाराच्या आड, नमू गायला लागली. तिकडे शाळा आणि इकडे ती, एका सुरात. चारही ओळी. एकही अक्षर अडलं नाही. मी घागर खाली ठेवली.

मग बोंब झाली.

आधी कठड्यावरची माणसं. पन्नास-साठ तोंडं. मग चौथीची मोठी मुलं, जी स्वागतगीतात नव्हती. आणि मग, सलमा सांगत होती, आम्ही गाणारी मुलं पण. हात जोडलेले होते, पण सगळे बोंब मारायला लागले तेव्हा सुटले. बाईंचा ताल देणारा हात तसाच वर होता. त्या कठड्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांचीच दुसरीतली मुलं तोंडावर हात मारत होती.

साहेब उठून उभे राहिले. रत्नागिरीकडचे होते, त्यांना समजवायला नको होतं.

"हे कोणी शिकवलं?"

गंगाराम मास्तर शुद्ध मराठीत म्हणाले, "गायन ह्यांच्याकडे असतं, साहेब."

साहेबांनी बाईंना विचारलं, "ही कसली चाल आहे, माहीत आहे तुम्हाला?"

बाई म्हणाल्या, "गावची चाल आहे, साहेब. मुलांना लगेच आली."

यावर जे हसणं झालं ते मला परसात ऐकू आलं.

बाबलीचं नाव बाईंनी घेतलं नाही. का, ते मला कळलेलं नाही. घेतलं असतं तरी काय, त्याने नुसती शीळ घातली होती. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की सदर शिक्षिकेस शिस्तीची व प्रसंगाची जाण नाही, गायनाच्या नावाखाली अश्लील प्रकार चालतो, ट्रेनिंगसाठी शिफारस करता येत नाही. मास्तरांनी ते वाचून दाखवलं, गावाला आणि बाईंनाही.

दाराची कडी काढली तेव्हा नमू आत तशीच उभी होती. म्हणाली, "आ-आई, ते बों-बों-बोंब का मा-मारतात? मी ब-बरोबर म्हटलं."

शिमगा तीन आठवड्यांनी आला. बाईंची नेमणूक एप्रिलअखेरपर्यंत होती, त्यामुळे त्या गावातच. फाग राधाबाईंच्या खळ्यात आधी आला. आमच्या ओसरीवरून सगळं दिसत होतं. त्या वर्षी बाबलीने नवे शब्द बांधलेच नाहीत. त्याने बाईंचं गाणं म्हटलं, जसंच्या तसं, 'या हो पाहुणे, बसा पाटावर,' आणि बोंब. बाई नारळ घेऊन खोलीबाहेर आल्या. कोणीतरी त्यांना रीत सांगितली असणार. त्यांनी सगळं कडवं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "'सागर धुतो पाय'ला खाली यायचं असतं. तुम्ही वर चढवताय."

सगळ्यांनी बाबलीकडे पाहिलं. मग बाबली ओरडला, "ऐकलास रे? बाई शिकयतत! परत म्हणा!"

त्यांनी परत म्हटलं. ह्या वेळी 'पाय'ला बरोबर खाली आले, आणि बोंब पहिलीपेक्षा मोठी मारली. बाईंनी नारळ दिला. बाबलीने तो तिथेच पायरीवर फोडला आणि पहिला तुकडा बाईंच्या हातावर ठेवला. "पयलो मान मास्तरणीचो." बाईंनी तो खाल्ला. सगळे बघत होते म्हणून पूर्ण खाल्ला.

नंतर ते आमच्या खळ्यात आले. एकच कडवं म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या मुंबईच्या पाटलोणीवर. नमूचं नाव नाही. बाबलीने शब्द पाळला. सासूबाईंनी त्याला दोन नारळ दिले.

त्यानंतर बाईंनी हजेरी बोलूनच घेतली. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी त्या निघाल्या तेव्हा निरोपाला आमच्याकडे आल्या. ट्रंक खळ्यात ठेवली होती. मी चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाल्या, फोंड्याची गाडी चुकेल.

"त्या दिवशी नमूचा आवाज देवळापर्यंत येत होता," त्या म्हणाल्या. "सलमा एक मात्रा मागे होती, नमू बरोबर होती. मी तिच्यावर ताल धरला. ताप असलेलं मूल इतकं खणखणीत गात नाही."

मी खळ्यातल्या ट्रंकेकडे बघितलं.

"तुम्हाला चाल माहीत होती?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "तीन आठवडे," म्हणाल्या. एवढंच. मग नमूच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाल्या, पण नमू माझ्या मागे लपली. मीच तिला घट्ट धरलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. बाईंनी ट्रंक उचलली. ओझं घ्यायला कोणी आलं नव्हतं.

त्यांचे वडील त्याच श्रावणात गेले. राधाबाईंना कार्ड आलं होतं, मला नाही. बाई आता कोल्हापुरात एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटतात.

त्याच जूनमध्ये सुशीला नमूच्या तिसरीच्या वर्गाची शिक्षिका झाली. तिला पुढच्या वर्षी ट्रेनिंगला पाठवणार आहेत. मुलगी वाईट नाही. नाव एकदा घेते, दुसऱ्यांदा घेते, तिसऱ्यांदा घेते, आणि उत्तर आलं नाही तर पुढे जाते. नमू उभी असते. मान ताठ, डोळे मिटलेले, तोंड उघडं. हजेरी पुढच्या नावावर गेली की खाली बसते.

पहिल्या महिन्यात तिने एक करून पाहिलं, असं सलमाने सांगितलं. पाटीवर पेराने टिचकी मारली आणि गाऊन उत्तर दिलं, "हजर बाई." एकदम नीट आलं. सगळ्या वर्गाने बोंब मारली. त्या वर्गात आता कोणी काही गायलं की बोंबच मारतात, मुलांना सवय झालीय. नमूने पुन्हा पाटी वाजवली नाही.

मी सुशीलेला जाऊन भेटले. ती म्हणाली, "वयनी, मी तीनदा नाव घेतंय. तोंडातसून येवक नको?"

"ती तुझ्या समोर उभी असते. हात वर करते."

"हात वर केल्यान हजेरी लागणा नाय. काकांनी तसाच सांगल्यानी हा."

मास्तरांकडे गेले. ते शुद्ध मराठीत बोलले. नियम आहे म्हणाले.

ह्या वर्षी निकाल लागला तेव्हा नमूला तिसरीतच ठेवलं. पेपर सगळे बरोबर होते, सातचा पाढा तर अजून ती रापणीच्या हाळीवर मनात म्हणून लिहिते. हजेरी कमी पडली. पटावर एकशे नव्वद दिवसांपैकी तिचे एकशे बारा दिवस गैरहजर लागले आहेत. तिच्या वडिलांचं पत्र आलं, मुलीला शाळेत का पाठवत नाहीस.

ती रोज जाते. मी स्वतः तिची वेणी घालते, फीत बांधते, देवळाच्या पायरीपर्यंत सोडते आणि हजेरी होईपर्यंत कठड्यापाशी थांबते. गंगाराम मास्तर घंटेवर दगड हाणतात. मग नावं सुरू होतात. नर्मदा, नर्मदा, नर्मदा, आणि मग पुढचं नाव.